जिने, झोप आणि पाणी

२०२१ ची दिवाळी झाल्यावर रक्ताच्या तपासण्या केल्या. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, ६.१ आला, ड जीवनसत्त्व अवघं ९ आणि बी-१२ किमान मर्यादेच्याही खाली. चाळिशी नुकतीच उलटली होती. अंगाने मी किरकोळ, आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह नाही, बाहेरचं खाणं तर टाळेबंदीपासून बंदच. त्यात दीड वर्षाहून जास्त काळ घरून काम चालू असल्यामुळे लोकलचा प्रवास सुटला होता. ‘तब्येत सुधारली हो तुझी,’ असं येणारंजाणारं प्रत्येक माणूस म्हणत होतं आणि मलाही तसंच वाटत होतं. प्रवास थांबला की माणसाची सुटका होते, हे कल्याण-डोंबिवलीकडच्या कुणाला पटवून द्यावं लागत नाही. रिपोर्ट मात्र उलटं सांगत होता.

त्यानंतर घरी राहूनच मी तब्येत सावरली. मग रोज ऑफिसला जायची वेळ आली आणि तब्येत दुसऱ्या अंगाने बिघडली. आता थोडे दिवस घरून आणि थोडे दिवस ऑफिसमधून काम करते. या सगळ्या काळातले तपासण्यांचे कागद आणि फिजिओथेरपिस्टने लिहायला लावलेल्या वह्या माझ्याकडे आहेत. घर बरं की ऑफिस बरं यावर लोक तावातावाने बोलतात, पण ते बहुतेक सोयीबद्दल असतं. शरीराचं दोन्हीकडे नेमकं काय होतं, ते या वह्यांच्या आधाराने लिहिते आहे.

माझं काम आरोग्यविम्याचे क्लेम तपासण्याचं. ऑफिस अंधेरी पूर्वेला, घर डोंबिवली पूर्वेला. २०२० पर्यंतचा दिवस असा: पावणेपाचला उठायचं, तिघांचे डबे, शेअर रिक्षाने स्टेशन, फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो पकडून मरोळ नाका आणि पुढे चालत ऑफिस. संध्याकाळी तेच उलट्या क्रमाने. घरात पाऊल पडायला साडेआठ तरी वाजायचे. बायकांच्या डब्यात आमचा एक ठरलेला ग्रुप होता. भाजी निवडणं, हळदीकुंकू, एकमेकींच्या मुलांचे निकाल, सासरची भांडणं, सगळं त्या डब्यात.

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाल्या आणि आम्हाला लॅपटॉप घरी आणून दिले गेले. पहिले काही महिने मी सहा-साडेसहापर्यंत झोपले. लग्नानंतर इतकं कधी झोपले नव्हते. मुलाबरोबर बसून जेवायला मिळायचं. ते सुख खरंच होतं आणि आजही मी त्याचं मोल कमी करणार नाही.

वन बीएचकेमध्ये चार माणसं. मुलाची ऑनलाइन शाळा जेवणाच्या टेबलावर, नवरा बेडरूममध्ये, सासूबाई हॉलमध्ये टीव्हीसमोर. मला उरला तो दिवाण. लोडाला टेकायचं, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. कोविडमुळे क्लेमचा डोंगर आला होता. कामाची वेळ साडेनऊ ते साडेसहा होती, पण प्रवासाचा वेळ वाचतो आहे या हिशेबाने रात्री नऊची मीटिंग कधी रोजची झाली ते कळलंही नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये बायकांना ठरावीक वेळांत लोकलने जायची परवानगी मिळाली, तरी आमचं ऑफिस घरूनच चालू राहिलं.

मानेपासून सुरुवात झाली. मग उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटायचं. दुपारी जेवल्यावर अशी सुस्ती यायची की क्लेमवरच्या तारखा दोनदा वाचाव्या लागायच्या. मी प्रत्येक तक्रारीवर वेगळा उपाय करत होते: मानेला बाम, डोळ्यांना गुलाबपाणी, सुस्तीला चहा. सगळ्यांचं मूळ एकच असेल हे आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं आणि तपासण्या करायला लावल्या.

रिपोर्ट बघून त्यांनी टेप काढली आणि माझी कंबर मोजली. ८४ सेंटीमीटर. भारतीय बायकांसाठी मर्यादा ८० ची. ‘वजनकाट्यावर तुम्ही बारीक आहात, पण पोटाच्या आत चरबी आहे,’ ते म्हणाले. मग त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांबद्दल सांगितलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के. आपल्याकडची माणसं दिसायला सडपातळ असली तरी स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे त्या एका फोटोतून ठसठशीत दिसलं. माझ्यासारख्या ‘अंगाने किरकोळ’ बाईला ही माहिती विशीतच मिळायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे वजन वाढलं नाही म्हणजे सगळं ठीक, हे अजून घराघरांत धरलं जातं.

एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ आणि त्यापुढे मधुमेह. पण बी-१२ किंवा लोह फार कमी असेल तर हा आकडा खोटाच वर दिसू शकतो, म्हणून डॉक्टरांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही तपासून घेतली. १०८ आणि १५२. दोन्ही उंबरठ्यावरच, तेव्हा शंका राहिली नाही. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली. ड जीवनसत्त्वासाठी साठ हजार युनिटची पुडी, आठवड्यातून एकदा, दुधातून, आठ आठवडे. ही पुडी हल्ली लोक मनानेच घेतात. तसं करू नये. ड जीवनसत्त्व अंगात साठून राहतं आणि प्रमाणाबाहेर गेलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

ऊन घ्यायलाही सांगितलं, आणि इथे आमच्या घरात वाद झाला. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, सकाळचं कोवळं ऊन घे, डोक्यावरचं कशाला?’ मलाही तेच माहीत होतं. पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-बी किरण सूर्य खाली असताना फारच कमी पोचतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, तेवढ्या वेळातलं ऊन कामाचं. खिडकीच्या काचेतून आलेलंही चालत नाही, काच ते किरण अडवते. तेव्हा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर जायचं ठरलं. बाह्या वर करून, डोक्याला रुमाल बांधून, पंधरा-वीस मिनिटं.

सगळ्यात जास्त बदल झाला तो मात्र फिजिओथेरपिस्टमुळे. मान दाखवायला गेले होते. तिने मान तपासली, मनगट वाकवून पाहिलं, आणि मग एक वही दिली. ‘ताई, आत्ताचा दिवस नंतर लिहा. आधी मार्च २०२० च्या आधीचा एक दिवस लिहून आणा. घराचं दार उघडल्यापासून रात्री दार लावेपर्यंत शरीराने काय काय केलं ते सगळं.’

मी लिहायला बसले. इमारतीला लिफ्ट नाही, तीन मजले उतरायचे. डोंबिवली स्टेशनचा ब्रिज चढायचा-उतरायचा. गाडीत बरेचदा घाटकोपरपर्यंत उभं, एका हाताने कडी धरून तोल सांभाळत. घाटकोपरला ब्रिज चढून मेट्रोत जायचं, कारण सरकत्या जिन्यापाशी एवढी गर्दी की साधा जिना लवकर संपतो. मरोळला उतरून ऑफिसपर्यंत चालायचं. ऑफिसात पाण्याचं मशीन एका टोकाला, बाथरूम दुसऱ्या टोकाला, कॅन्टीन वरच्या मजल्यावर, फाइल घेऊन मॅनेजरच्या केबिनपर्यंत दहा खेपा. संध्याकाळी हे सगळं परत, हातात भाजीची पिशवी घेऊन, आणि शेवटी पुन्हा तीन मजले. दोन पानं भरली. मग आत्ताचा दिवस लिहिला: दिवाण, स्वयंपाकघर, बाथरूम, दिवाण. पाच ओळींत संपला. जुन्या फोनमध्ये पावलांची नोंद सापडली. पूर्वी दिवसाला आठ-नऊ हजारांच्या आसपास, घरून काम सुरू झाल्यावर दीड हजारही कसेबसे.

ज्या प्रवासाला मी वर्षानुवर्षं नावं ठेवली, त्याच्या पोटात माझा सगळा व्यायाम दडलेला होता. तो कधी व्यायाम वाटलाच नव्हता, त्यामुळे तो गेल्याचंही ध्यानात आलं नाही.

फिजिओथेरपिस्टने लंडनच्या दुमजली बसची गोष्ट सांगितली. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या बसचालकांची आणि कंडक्टरांची तुलना केली होती. १९५३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. एकाच बसमधली, साधारण एकाच थरातली माणसं. चालक दिवसभर बसलेले, कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर वरखाली करणारे. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. ‘तुम्ही कंडक्टरच्या चालक झालात,’ ती म्हणाली. तिच्या त्या एका वाक्याने मला जे समजलं, ते आधीच्या सगळ्या बामांनी आणि चहांनी समजलं नव्हतं.

पूर्वी असं धरायचे की सलग दहा मिनिटं तरी झाली तरच ती हालचाल व्यायामात मोजायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात ती अट काढून टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल हवी, ती तुकड्यातुकड्यांनी झाली तरी चालते. माझ्यासाठी हे फार मोलाचं होतं. सकाळी तासभर फिरायला जा, असं मला आजवर सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि सकाळचा तो तास माझ्याकडे कधीच नव्हता. तुकडे मात्र होते.

तेव्हा आम्ही जुन्या दिवसाचे तुकडे घरात बसवायला घेतले. तीन मजले दिवसातून तीन वेळा: सकाळी दूध आणायला, दुपारी गच्चीवर, संध्याकाळी खाली. प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालायचं, कारण त्या वेळी मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. दुपारचं हे चालणं गच्चीवरच्या उन्हात झालं, त्यामुळे एका कामात दोन कामं. पाण्याची मोठी बाटली शेजारी ठेवायची नाही. तांब्या-भांडं स्वयंपाकघरात, प्यायला उठायचंच. फोन आला की उभं राहून बोलायचं. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी रबरी पट्टा घेऊन खांदे आणि पाठ, आणि भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसणं. चालण्याने स्नायू वाढत नाहीत, आणि माझी खरी उणीव स्नायूंची होती, हे तिने पुन्हा पुन्हा बजावलं.

बसायची जागाही बदलली. दिवाण बंद. शिवणाच्या मशीनचं टेबल खिडकीपाशी ओढलं, त्यावर जुन्या दिवाळी अंकांचा ढीग आणि ढिगावर लॅपटॉप, म्हणजे पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली. कीबोर्ड आणि माऊस वेगळे घेतले. लॅपटॉपची अडचणच ही आहे की पडदा आणि कीबोर्ड एकत्र जोडलेले; पडदा बरोबर उंचीवर आणला की हात वर जातात, हात बरोबर ठेवले की मान खाली जाते. वेगळा कीबोर्ड घेतल्याशिवाय यातून सुटका नाही. कोपर काटकोनात, पाय टेकायला लाकडी पाट. कंपनीने खुर्चीसाठी पैसे देऊ केले होते आणि मी महागडी खुर्ची घेणार होते. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, साधी घ्या, पण अर्ध्या तासाने उठा. चांगल्या खुर्चीत माणूस जास्त वेळ बसतो. कीबोर्ड आल्यावर आठवड्याभरात मुंग्या कमी झाल्या. मानेला दोन-अडीच महिने लागले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पंख्याबद्दल. पंखा सरळ चेहऱ्यावर येत होता. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो, पडद्याकडे बघताना हे प्रमाण पाच-सातवर येतं. त्यात पंख्याचा वारा, मग डोळे कोरडे पडणारच. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघायला सांगितलं. वन बीएचकेमध्ये वीस फूट लांब काही नसतं. गॅलरीतून समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसणारे कावळे बघायची सवय मी तेव्हा लावून घेतली.

या सगळ्यात एक गोष्ट कुठल्याच डॉक्टरच्या चिठ्ठीत नव्हती. घरी असलेली बाई ‘घरीच’ असते. कुरिअर, गॅस, कामवाली, सासूबाईंची औषधं, दर तासाला कुणाचा तरी चहा. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटांचा, असं आलं आहे. ऑफिसला जात होते तेव्हा त्यातली दुपारची कामं माझ्या वाट्याला येतच नव्हती. घरून काम सुरू झाल्यावर ती आपोआप आली, आणि ऑफिसचं काम रात्रीत सरकलं. डॉक्टर म्हणाले त्याप्रमाणे दहा वाजता झोपायचं तर ही वाटणी बदलणं भाग होतं. मी नवऱ्याला वही दाखवली. त्याने दुपारचा चहा, कुरिअर आणि आईंची औषधं स्वतःकडे घेतली आणि आजतागायत निभावली. मॅनेजरांना सांगितलं की साडेसातनंतर लॅपटॉप कपाटात जाईल. तेव्हा मी त्यांना जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ मधला अहवाल पाठवला होता: आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. क्लेम तपासणाऱ्या माणसांना असे आकडे चटकन कळतात. नऊची मीटिंग पाचला आली.

एचबीएवनसी पुन्हा तपासायला तीन महिने थांबावं लागतं, कारण तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि हा आकडा त्या काळाची सरासरी सांगतो. तीन महिन्यांनी ५.९, सहा महिन्यांनी ५.७. कंबर ८१. ड जीवनसत्त्व तिशीच्या वर. दुपारची सुस्ती गेली. म्हणजे घरून काम करूनही शरीर सावरता येतं. फक्त जे ऑफिसचा रस्ता आपोआप करून घेत होता, ते घरी एकेक करून ठरवून करावं लागतं.

एवढं बसलेलं गणित २०२३ मध्ये मोडलं. आधी आठवड्यातून तीन दिवस, मग पाचही दिवस ऑफिसला बोलावलं. मला फार वाईट वाटलं नाही. जिने परत मिळणार होते आणि डब्यातल्या मैत्रिणीही. ग्रुप निम्मा उरला होता. कुणाची नोकरी गेली होती, कुणी गावी परतली होती. पण ज्या होत्या त्या भेटल्यावर मला जाणवलं की तीन वर्षांत घराबाहेरच्या कुणाशी मी मोकळेपणाने बोललेच नव्हते. मीटिंगमध्ये कामाचं बोलणं होतं. ‘चेहरा का गं उतरलाय आज?’ असं कुणी विचारत नाही. नैराश्य वगैरे मोठं नाव मी त्या काळाला देणार नाही. मात्र घरून काम करताना रविवारी रात्री माझ्या छातीवर दडपण यायचं, ते परतल्यानंतर पहिल्या महिन्यातच थांबलं. हे ऑफिसच्या बाजूचं सगळ्यात मोठं देणं आहे आणि ते रक्ताच्या तपासणीत दिसत नाही.

पावलं आठ हजारांवर गेली. तरी सहा महिन्यांनी एचबीएवनसी ५.९, म्हणजे पुन्हा वर, आणि रक्तदाब १३८/८८. फिजिओथेरपिस्टने पुन्हा वही दिली. यावेळी उत्तर दुसऱ्या पानावर सापडलं. गर्दी कोविडच्या आधीपेक्षा वाढली होती, चढता येईल अशी गाडी मिळावी म्हणून मी साडेचारला उठत होते आणि झोपायला साडेअकरा. पाच तासांची झोप. झोप कमी पडली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, भूक वाढते, रक्तदाब चढतो. दिवसभर जिने चढून कमावलेलं रात्री जात होतं. मुंबईच्या नोकरदारांमध्ये झोप मारून काम करण्याचं कौतुक होतं, त्याची मला आता चीड येते.

आणि पाणी. हे बायका एकमेकींत बोलतात, लिहीत कुणी नाही, म्हणून मी लिहिते. घरातून निघण्याआधी मी पाणी पीत नव्हते. गाडीत दोन घोट. स्टेशनवरची स्वच्छतागृहं कशी असतात ते सांगायला नको, आणि परतीच्या गर्दीत उतरून जायचं म्हणजे गाडी सोडायची. संध्याकाळी चारनंतर पाणी बंद. २०२४ च्या उन्हाळ्यात लघवीला जळजळ आणि ताप आला; जंतुसंसर्ग निघाला. प्रतिजैविकाने बरं वाटलं, महिन्याभरात पुन्हा तेच. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभरात पाणी किती? मी सांगितलं. ते म्हणाले, ‘लोकलने जाणाऱ्या बायका माझ्याकडे याच तक्रारी घेऊन येतात.’ मुंबईत २०११ पासून महिला संघटनांनी ‘राइट टू पी’ या नावाने बायकांसाठी स्वच्छ आणि मोफत मुताऱ्यांची चळवळ चालवली आहे. तोपर्यंत मी तिला शहर-स्वच्छतेचा विषय समजत होते. माझ्या आजाराच्या कागदावर तो आल्यावर मी आमच्या प्रवासी ग्रुपतर्फे त्यांच्या मागणीला पाठिंब्याचं पत्र दिलं.

मग मी दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या. घर देतं झोप, पाणी, ताजं जेवण, उन्हाची वेळ. ऑफिस देतं जिने, माणसं, कामाला शेवट. घरी राहिलं तर हालचाल ठरवून आणता येते. पाचही दिवस प्रवास केला तर झोप ठरवूनही आणता येत नाही, दिवसाचे तास संपतात. हे कळल्यावर मागणी काय करायची ते स्पष्ट झालं: आठवड्यातून दोन दिवस घर, आणि ऑफिसच्या दिवशी साडेनऊऐवजी अकराची वेळ.

एचआरकडे अर्ज दिला. सोबत डॉक्टरांचं पत्र, दोन वर्षांचे रिपोर्ट आणि माझ्या कामाचे आकडे. शिवाय एका अभ्यासाची माहिती जोडली. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला होता. २०२४ मध्ये तो ‘नेचर’मध्ये आला. त्यातल्या काहींना आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिलं होतं. त्यांच्या कामाच्या मूल्यमापनात फरक पडला नाही, पण नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं, आणि ही घट विशेषतः बायकांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये दिसली. वेळेच्या बदलासाठी मध्य रेल्वेचा दाखला दिला. गर्दी विभागली जावी म्हणून २०२३ मध्ये रेल्वेनेच मुंबईतल्या कार्यालयांना वेळा बदलण्याचं आवाहन केलं होतं. पहिलं उत्तर ‘नाही’ आलं. मॅनेजर माझ्या बाजूने बोलले आणि तीन महिन्यांच्या मुदतीवर मंजुरी मिळाली. पुढे ती वाढत गेली.

आता मंगळवार, बुधवार, गुरुवार ऑफिस. अडलेले क्लेम, रुग्णालयांशी बोलणी, नव्या मुलींना शिकवणं, हे सगळं त्या दिवसांत. सोमवार-शुक्रवार घरून, अहवाल आणि एकट्याने करायचं काम. घरच्या दिवशी गच्ची आणि रबरी पट्टा. ऑफिसच्या दिवशी जिने आहेतच. ऑफिसच्या तीन रात्री सहा-साडेसहा तास झोप मिळते, बाकीच्या दिवशी सात. अकराच्या वेळेमुळे जाताना गाडीत श्वास घेता येतो, आणि पाणी पिऊन निघायची भीती कमी झाली आहे. मरोळ नाक्याला उतरल्यावर मेट्रो स्टेशनवरचं स्वच्छतागृह बरं आहे, ते मी आता निर्धास्त वापरते. शेवटच्या तपासणीत एचबीएवनसी ५.६, रक्तदाब १२४/८०, कंबर ७९. जंतुसंसर्ग पुन्हा झालेला नाही. मान मात्र कामाचा ताण वाढला की बोलते. तिचे व्यायाम जन्मभराचे, असं फिजिओथेरपिस्टने सांगून ठेवलं आहे.

मला जे मिळालं ते डॉक्टरांचं पत्र, अनुभवाची वर्षं आणि बाजू घेणारे मॅनेजर असल्यामुळे मिळालं. आमच्याच मजल्यावर कंत्राटावर काम करणाऱ्या डेटा-एंट्रीच्या मुली आहेत, आसनगाव आणि बदलापूरहून येणाऱ्या. त्यांचा प्रवास माझ्यापेक्षा लांब, पगार कमी, आणि घरून काम त्यांच्या करारातच नाही. त्यातल्या दोघींना मी वह्या दिल्या. दोघींच्याही वहीत पाच तासांची झोप आणि चारनंतर पाणी बंद हेच निघालं. निदान अकराची पाळी तरी त्यांना मिळावी, यासाठी आम्ही सगळ्यांनी मिळून सही केलेला अर्ज दिला आहे. पुढच्या तिमाहीत बघू, असं एचआरने सांगितलं आहे. त्या बैठकीसाठी मुलींच्या संमतीने, नावं झाकून, वह्यांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत.